पाणी देवाच्या पायापर्यंत

नाशिक,
२१ जानेवारी १९९६

ती. कुसामावशी,

पाया पडते. पोचले गं बाई सुखरूप. सुरगाण्याहून एस.टी. मिळाली, पण वणीपर्यंत उभी! तू बांधून दिलेल्या नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी ऑफिसात उघडली, तर माझ्या वाट्याला अर्धी भाकरी राहिली. साहेब लोकांनाही भूक लागते, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

आता मुद्द्याचं. सर्व्हे पुरा झाला. करंजपाड्याच्या उतारावर, नदी पायी ओलांडायच्या जागी, पूल होणार, मावशी! कागदावर तर मी तो काल उभा केलासुद्धा. पाच खांब, नव्वद मीटर लांबी. पेन्सिलीने शेवटची रेघ ओढली. मावसांचा हात धरून, दप्तर डोक्यावर घेऊन, छातीभर पाण्यातून मी आश्रमशाळेत जायचे, त्याच नदीवर मी रेघ ओढत होते.

पुलाची उंची कशावरून ठरते, ठाऊक आहे? आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं, त्यावरून. आणि ते गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, असा आमच्या कामाचा रिवाजच आहे. मी मावसांना विचारलं. ते म्हणाले, "पाणी उतारदेवाच्या पायाला लागतं. त्याच्यावर कधी गेलं नाय." मी तिथंच, उतारदेवाच्या दगडाच्या पायाशी, मापाची पट्टी उभी केली, दुर्बिणीतून पाहिलं आणि आकडा वहीत लिहिला. पुढे लिहिलं, माहिती देणार : गेणू सोमा गावित. मावसांचं नाव सरकारी कागदावर! त्या आकड्याच्या वर दीड मीटर मोकळं सोडून पुलाचा स्लॅब येणार. म्हणजे कितीही पूर येवो, माणूस पलीकडे जाणार. आषाढापासून भादव्यापर्यंत तुमचा पाडा तुटून पडतो ना, ते संपलं.

एकच मनाला लागलं. निघताना मावसा काही बोलले नाहीत. देवाकडे बघत उभे राहिले. पूल झाला की उतार बंद, म्हणून रुसले का गं? विचारून लिही.

तुझी ज्योत्स्ना


करंजपाडा,
९ फेब्रुवारी १९९६

इंजिनेरबाई जोती,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या दुर्बिणीलाबी. अंगणवाडीतली पोरं अजून हाताची नळी करून एकमेकाला बघतात आणि "वर घे, वर घे, खाली" असं ओरडतात. मला शिकवायला काय राहिलंच नाय.

तुझे मावसा रुसले नाय. रुसले की त्यांची भाकर कमी होते, इतक्या वर्षांत तेवढं कळतं मला. भाकर बराबर चालू हाय.

पण तू हात धरून जायचीस तवा लहान होतीस. ते काय करायचे ते तुला दिसलं नसंल. पूर ओसरला की नदीत पहिला माणूस हे. नदीनं तळ बदललेला असतो. काल जिथं गुडघाभर होतं तिथं आज डोह. हे काठी नाय टेकवत, पायाच्या अंगठ्यानं चाचपत जातात. वाळू कुठली, गाळ कुठला, गोटा बसलेला का हालणारा, सगळं त्या अंगठ्याला कळतं. मागं निरगुडीच्या काठ्या रोवत येतात आणि मग सगळा पाडा त्या काठ्यांच्या मधून चालतो. माझं लग्न झाल्यापासून ह्या उतारावर एक माणूस वाहून गेला नाय, जोती. एक शेळी गेली, नवसाबाईची. ती कुणाचं ऐकणारी नव्हतीच. नवसाबाई बी तशीच.

पाण्याचं त्यांनी सांगितलं ते खरंच हाय. त्यांच्या तोंडून खोटं येत नाय. तरी मला एक लिहायचं होतं, देवाचं. पण राहू दे. सरकारचं गणित मोठं असतं, त्यात सगळं बसत असंल.

लग्नाचं काय? का पुलाशीच लावायचं?

तुझी कुसामावशी


नाशिक,
३ डिसेंबर १९९८

ती. मावशी,

पाया पडते. तीन पावसाळे गेले, कागद इकडून तिकडे फिरले, आणि आता कुठे काम जोरात सुरू आहे. तू रोज बघतेसच, पण मला जे दिसलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा तिसऱ्या खांबाचा पाया खोदून झाला. नदी एका अंगाला वळवली होती. मी शिडीने खाली उतरले. वाळू, मग गोटे, मग निळसर माती आणि तिच्याखाली काळा कातळ. मावशी, नदीच्या खालची जमीन! तिथं कधी ऊन पडलं नव्हतं, कुणाचा पाय लागला नव्हता. मी हात टेकवला. बर्फासारखा गार. वर पाण्याचा आवाज आणि खाली मी. वरून मुकादम ओरडला, "मॅडम, काय हरवलं का?" मी म्हटलं, नाही, सापडलं.

खांब वर येत आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचे माथे ओतायचे. एकदा माथे ओतले की उंची ठरली. मग पूल एक वीतसुद्धा वरखाली करता येणार नाही. तेवढं झालं की मी निर्धास्त.

पण तुझं काय बिनसलंय? मागच्या दोन पत्रांत नागली आहे, पोरांची वजनं आहेत, नवसाबाईचं भांडण आहे, पुलाचा एक शब्द नाही. दारात पूल उभा राहतोय आणि तुला काहीच वाटत नाही?

तुझी ज्योत्स्ना


करंजपाडा,
२० डिसेंबर १९९८

जोती,

काल पोरांना घेऊन खांब दाखवायला गेले. पहिल्या खांबावर लाल रंगाची रेघ मारली हाय. बाजूला लिहिलंय, मोठ्या पुराची पातळी. पोरं म्हणाली, बाई, वाचा ना. मी वाचलं आणि पोरांना घेऊन माघारी फिरले. ती रेघ बराबर देवाच्या पायाशी हाय.

आता लिहिते. रागव, काय करायचं ते कर.

उतारदेव एका जागी बसत नाय. थंडीत आणि उन्हाळ्यात तो उताराच्या तोंडाशी, पाण्याजवळ असतो. नदी चढली, पाणी त्याच्या पायाला लागलं, की गावितांच्या घरातला कर्ता पुरुष त्याला उचलतो आणि वर नेऊन ठेवतो. पाणी परत पायाला लागलं की परत वर. पूर थांबंल तिथं देव थांबतो. ओसरला की पाण्याच्या मागं मागं खाली येतो. म्हणून पाणी देवाच्या पायाच्या वर कधी गेलं नाय. ह्यांनी तुला खोटं नाय सांगितलं. तू पौषात आलीस. देव तवा पार खाली बसलेला.

पावसाळाभर तू आश्रमशाळेत, पुरात कधी आमच्याकडं नव्हतीस, तुला कुठून कळणार? आणि आम्ही उचलला असं म्हणत बी नाय. देव चढला, असंच म्हणायचं. किती चढला ते तर बोलायचंच नाय. सासऱ्यांनी ह्यांच्या हातात देव दिला तवा सांगितलं होतं, जो तोंडानं सांगंल त्याचे पाय जातील. उतारकऱ्याचे पाय गेले तर राहिलं काय त्याचं?

तू आकडा लिहून घेतलास तवाच मला सांगायचं होतं. पण मी ह्यांच्या पायांसाठी भ्याले. मनाची समजूत काढली की एवढे शिकलेले लोक, त्यांच्या ध्यानात येईल.

देव कुठवर चढतो ते मला माहीत नाय. देव चढताना घरातल्या बाईनं मागं जायचं नसतं. इतकी वर्षं मी ओट्यावरच बसले, तिथून नदी दिसत नाय. माहीत असतं तर माझे पाय गेले तरी चालले असते, पण तुला लिहिलं असतं.

कुसामावशी


नाशिक,
२८ डिसेंबर १९९८

मावशी,

पत्र ऑफिसातच उघडलं.

तीन वर्षं! तीन वर्षांत तुझ्या पेनाला काय झालं होतं गं? त्या पुलावरून तुझ्या अंगणवाडीतली पोरं जाणार. पुराच्या दिवशीसुद्धा जाणार, कारण जोतीताईने सांगितलंय की जाता येतं. आणि मधोमध असताना वरून पाणी आलं म्हणजे?

हे लिहिलं आणि पेन ठेवून बाहेर फिरून आले. तुझ्यावर राग काढून उपयोग नाही. मी विचारलं, उत्तर आलं, मी लिहिलं आणि वही मिटली. "हा देव बारा महिने इथंच असतो का?" एवढा एक प्रश्न मला सुचू नये? मी तर तुमच्यातलीच. बाहेरच्याने चूक केली असती तर एक वेळ समजलं असतं.

माथे ओतायला दोन महिने आहेत. मला आकडा हवा. "देव चालतो" एवढंच लिहून दिलं तर साहेब मला रजेवर पाठवतील. आकडा मिळाला, तर चूक माझी हे उघड होईल. आमच्या पाड्यांतली पहिली इंजिनिअर आणि पहिलाच पूल चुकीचा, असं लोक म्हणतील. म्हणू देत. नोकरी गेली तर जाऊ दे, त्या पुलावर माणूस मरता कामा नये.

मावसांना हे वाचून दाखव. त्यांनी तोंडाने एक शब्दही सांगू नये. मी विचारणारही नाही. दहा जानेवारीला मी यंत्र घेऊन येते, बरोबर पट्टी धरायला आमचा मदतनीस मंगळू. मावसांनी फक्त देवाला आजवर जिथं जिथं नेलं तिथं तिथं न्यावं. पाणी नसताना, कोरड्या उन्हात. त्यांना म्हणावं, हट्ट करत नाही, पाया पडते.

ज्योत्स्ना


करंजपाडा,
१७ जानेवारी १९९९

जोती,

तू गेलीस तशी घाईतच गेलीस. चहा बी तसाच राहिला. तुझं तोंड पाहून मी काय विचारलं नाय.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. तिसऱ्या दिवशी हे नदीवर जाऊन अंघोळ करून आले आणि म्हणाले, "पाणी नसताना देव चढला तर देवाला काय वाटंल?" मी म्हटलं, "पाण्यात पोरं गेली तर काय वाटंल?" दहा तारखेची वाट बघत बसले.

त्या दिवशी तुम्ही सगळे वर गेलात आणि मी ओट्यावर. हे परत आले, पाय धुतले, पालथे पडून झोपले ते दुसऱ्या दिवशी उठले. मी रोज सकाळी त्यांचे पाय बघते. उभं राहतात, चालतात, काल मोहाच्या फांद्या तोडायला बी गेले. नवसाबाई सारखी येऊन विचारती, "गेणूभाऊचे पाय कसे हायत?" तिला म्हटलं, तुझ्या जिभेपेक्षा हळू चालतात, पण चालतात.

जोती, छत्तीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर संसार केला. त्याचं सगळं मला माहीत हाय, तेवढं एक सोडून. तू पाहिलंस. मला लिही. सगळं लिही, काय गाळू नको.

तुझी कुसामावशी


नाशिक,
२४ जानेवारी १९९९

ती. मावशी,

पाया पडते. तुला नाही सांगायचं तर कुणाला? ऐक.

मावसांनी देव उचलला तेव्हा मला वाटलं, एवढासा घागरीएवढा दगड. पण त्यांच्या मानेच्या शिरा पाहिल्या आणि वजन कळलं. चढायला लागले. वाट अशी नाहीच, सगळं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. पंचवीसेक पावलांवर थांबले, पायाने गवत बाजूला केलं. खाली एक चपटा दगड! त्यावर जुना शेंदूर. देव त्यावर ठेवला आणि ते बाजूला झाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मंगळूने पट्टी धरली, मी आकडा घेतला. माझ्या लाल रेघेपेक्षा चाळीस सेंटिमीटर वर.

पुन्हा उचलला. पुन्हा गवत, पुन्हा दगड, पुन्हा शेंदूर. मावशी, त्या उतारावर मी सर्व्हेत पन्नास वेळा फिरले होते. माझ्या पायाखाली ते दगड होते आणि मला दिसले नव्हते! एकेक जागा म्हणजे एकेका पुराची. कुठे लिहिलेलं नाही, कुणी बोललेलं नाही, आणि वीतभराची चूक नाही. मागून पाड्यावरची माणसं चढत येत होती.

सातवी जागा तुमच्या पडक्या गोठ्यामागच्या मोठ्या मोहाखाली. तिथं मावसांना धाप लागली. बुंध्याला पाठ टेकून बसले. मी आकडा पाहिला आणि परत पाहिला. रेघेच्या वर तीन मीटर साठ. म्हणजे मी काढलेला पूल त्या दिवशी पाण्याखाली एक पुरुष खोल असता. मागून कुणी म्हातारा पुटपुटला, "जोती जन्मली त्या सालचं पाणी."

मला वाटलं, संपलं. मी वही मिटत होते तर मावसा उठले. देव परत उचलला! सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मोहाच्या मागे कातळ आहे ना, तुमच्या गोठ्याच्या आढ्याच्या वर, तिथं ते गुडघ्यांवर चढले. वर कातळात एक खळगा आहे. मावसांनी त्यातला पाला काढला आणि देव आत ठेवला. मावशी, तो बरोब्बर बसला. इकडे नाही, तिकडे नाही, घट्ट. मावसांच्या आजोबांची जागा असणार. मावसांनी स्वतः तिथं देव कधी ठेवला नव्हता, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. ठेवण्याआधी ते खळगा बोटांनी चाचपत राहिले होते. त्यांनी त्या जागेला डोकं टेकवलं. मीही टेकवलं. यंत्र तसंच उभं.

पाच मीटर पंधरा.

तिथून खाली पाहिलं तर माझे पाच खांब दावणीच्या खुंट्यांसारखे दिसत होते. मला एकदम हसू आलं आणि मग रडू. एवढी नदी इथवर येते, आणि मी तिला पेन्सिलीने मापत होते.

सोमवारी मोठ्या साहेबांपुढे वही ठेवली. त्यांनी विचारलं, "आधार काय?" मी म्हटलं, "देव." शेजारचे दोघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग म्हणाले, वरच्या डोंगरातलं सगळं पावसाचं पाणी एकदम आलं तर किती होईल, ते गणित नव्याने करा. आम्ही तिघांनी दोन दिवस केलं. उत्तर आलं पाच मीटर! कातळातला खळगा आणि आमचं गणित यांत फरक पंधरा सेंटिमीटरचा, मावशी. साहेबांनी विचारलं, "ते गृहस्थ शिकलेले किती?" मी म्हटलं, शाळेत गेलेले नाहीत.

काम थांबवलंय. खांब उंच करायचे, भराव वाढवायचे, नवी मंजुरी घ्यायची. पाया कातळात आहे, तो भार सोसेल. मला मात्र नोटीस आलीय. मी उत्तर लिहिलं : माहिती देणाराने खरं सांगितलं. पुढचा प्रश्न मी विचारला नाही. चूक माझी. बहुतेक बदली होईल. होऊ दे. मला झोप लागते आता.

मावसांच्या पायांना माझा नमस्कार सांग. पायांनाच सांग.

तुझी ज्योत्स्ना


करंजपाडा,
१४ एप्रिल २००२

जोती,

पूल सुरू झाला गं! तुला सटाण्याला धाडलं म्हणून तू आली नाहीस. भाषणात तुझं नाव कुणी घेतलं नाय. मी मागून ओरडणार होते, पण अंगणवाडीची साडी नेसलेली होती.

काय उंच केलाय! दोन वर्षं ते बिनमाथ्याचे खांब पाहून लोक हसत होते. आता मान वर करून बघतात. पहिल्या दिवशी शेळ्या चढायलाच तयार नव्हत्या. नवसाबाई डोळे मिटून, माझा पदर धरून चालली आणि पलीकडं गेल्यावर म्हणाली, "एवढंच?" मग एकटीच चार वेळा ये-जा केली.

हे चढले नाय. सगळे वरून जातात, हे खालून, पाण्यातून. मी म्हटलं, तुमच्याच पावलांवर बांधलाय, एकदा बघा तरी. म्हणतात, "माझी वाट खाली हाय." बरं बाबा, जा.

तुझी कुसामावशी


सटाणा,
६ ऑगस्ट २००४

ती. मावशी,

पाया पडते. इकडे पावसाने कांद्याची चाळ गळायला लागली एवढंच, पण तुमच्या बाजूचं ऐकून जीव थाऱ्यावर नाही. तीन दिवस सुरगाण्याची एस.टी. बंद, फोन लागत नाही. ऑफिसात कुणी म्हणतं, असा पाऊस कधी पाहिला नाही.

मी तेच आकडे पुन्हा काढून बसलेय. पाच पंधरा. पंधराच्या ऐवजी पन्नास निघालं तर? आजोबांच्या खळग्याच्याही वर पाणी गेलं तर? गणित बरोबर आहे, हे मला माहीत आहे. तरी माहीत असणं आणि पुलावर माणसं असणं यांत फार अंतर आहे गं. दोन ओळी लिही. पूल कसा आहे आणि पाणी कुठवर आलं, एवढंच.

तुझी ज्योत्स्ना


करंजपाडा,
१२ ऑगस्ट २००४

जोती,

पूल उभा हाय. सगळी माणसं हायत. आधी हे लिहिते, म्हणजे तुला पुढचं वाचवंल.

बुधवारी सकाळी नदीनं आवाज बदलला. पाणी लाल, दाट, आणि त्याच्यातून अख्खी झाडं मुळांसकट चाललेली. तुझी ती पहिली लाल रेघ बघायला गेले तर ती कवाच बुडालेली. सगळा पाडा पुलावर. खाली पाणी, आणि पायाखाली पूल गुणगुणतोय, जात्यासारखा.

हे सकाळपासून देव घेऊन चढत होते. सासष्ट वर्षांचा माणूस. मोहाखाली देव ठेवला आणि बसले. तेवढ्यात पलीकडून नर्सबाई आली, लशींची पेटी घेऊन, ठरल्या दिवशी. भर पुरात लस आली, जोती! असं ह्या पाड्यात कधी झालं नाय. पण ती पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली. खाली बघून तिचे पाय उचलेनात. आणि सवय बघ आमची. दहा माणसं एकदम ओरडली, "गेणूभाऊ, बाईला पार करा!"

आणि हे आले. दोन वर्षं पुलावर पाऊल नाय ठेवलं, ते आले. चालत जाऊन नर्सबाईचा हात धरला, अंगठा टेकत टेकत, पाण्यात चालतात तसेच चालायला लागले. अर्ध्यावर आले आणि थांबले. कठडा धरला. नर्सबाई थोडा वेळ थांबली, मग आपली आपण पुढं आली. हे तिथंच. नदीकडं तोंड करून.

मी काठाकडं पाहिलं तर पाणी मोहापाशी, देवाच्या पायाला लागलेलं. मी हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. ह्यांना ऐकूच जाईना. दुसऱ्या गावितांना हाक मारावी तर सगळे पुलावर, सगळ्यांची तोंडं पाण्याकडं.

मग मी गेले. बाईनं जायचं नसतं ते माहीत असून गेले. देव उचलला. लय जड गं. तुझं पत्र मला पाठच हाय. गोठ्याच्या आढ्याच्या वर, कातळ, गुडघ्यांवर चढायचं. मी चढले. पाला काढला. देव आत ठेवला आणि तो बसला, जोती, तू लिहिलंस तसाच, घट्ट. तवा मला कळलं की हा माणूस एवढी वर्षं काय करत होता. मी तिथंच बसून राहिले. पाणी आलं, आलं, देवाच्या पायाला लागलं आणि थांबलं. तिथून पूल दिसत होता. पाण्याच्या वर, अंगावर थेंब नाय, सगळी माणसं त्याच्यावर. तुला सांगते, मी पुलाला बी हात जोडले.

पाणी दुपारनंतर उतरायला लागलं. तुझ्या पुलाखाली माणूस वाकून जाईल एवढी जागा मोकळी राहिली होती. नर्सबाईनं अकरा पोरांना टोचलं. रडण्याचा आवाज नदीपेक्षा मोठा.

हे घरी आले तवा मी चुलीपाशी होते. त्यांनी विचारलं, "देव?"

मी म्हटलं, "चढला."

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. खरचटलेले, लाल माती लागलेली. घंगाळ्यात पाणी घेतलं आणि माझे पाय धुतले. ह्या माणसानं. मला लाज वाटून मी पाय मागं घ्यायला लागले तर म्हणाले, "राहू दे."

मग मी विचारलं, "एवढ्या हाका मारल्या, ऐकू नाय आलं?"

तर म्हणाले, "चाळीस पावसाळे मी तिच्याकडं पाठ करून चढलो, कुसा. पूर कसा येतो ते आज पाहिलं. लय मोठी हाय गं आपली नदी."

तुझी कुसामावशी